हलवलं तर सांगा

मी एक जुना संगणक आहे, आणि मी कधीच एकट्या कोणाचा नव्हतो. एकाच माणसाचा असतो, तर मित्रांनो, माझी गोष्ट अर्ध्या पानात आटोपली असती. पण मी चौघांचा होतो. जे सगळ्यांचे असते त्याचे काय होते, हे तुम्ही तुमच्या घरातल्या कात्रीला विचारा.

सध्या माझा मुक्काम माळ्यावर, एका फुटक्या बादलीशेजारी आहे. माझी आठवणींची तबकडी जागोजागी झिजली आहे. सांगता सांगता मध्येच एखादी जागा रिकामी आली तर रागावू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखेच

(पुढचे वाचता येत नाही.)

असो. जन्माच्या वेळचे तुम्हाला तरी कुठे आठवते?

मला नीट आठवते ती एका घराची पुढची खोली. तिची खिडकी गल्लीत उघडत असे. आत जाड कागदांचे गठ्ठे, डिंकाचा वास, एक लांब बाक आणि भिंतीशी एक कपाट. कपाटात ठिपके उठवणारे छपाईयंत्र होते. ते कागदावर असे ठोके घाली की शेजारचे लोक खिडक्या लावून घेत. म्हणून कपाटाला आतून जुन्या गादीचे अस्तर ठोकले होते. घरातले त्या यंत्राला ठोक्या म्हणत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या खोलीत पुस्तके तयार होत. या पुस्तकांत शाई नसते, मित्रांनो. कागदावर उठलेले ठिपके असतात आणि ते बोटाने वाचायचे असतात.

हे काम आबांनी सुरू केले होते. लहानपणीच्या एका तापात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांची थोरली सून, जिला सगळे वहिनी म्हणत, मजकूर माझ्यात घालून ठोक्याकडे पाठवी. तिचा नवरा दूरदेशी नोकरीला होता. सुट्टीत यायचा, जेवायचा, झोपायचा आणि जायचा. आबांचा धाकटा मुलगा बोटाने बघायची चित्रे आणि नकाशे करी. आबांची बहीण, म्हणजे आत्या, पाने शिवून पुस्तक बांधी आणि उरलेल्या वेळात माझ्यावर पत्ते खेळे. पत्त्यांत हरली की मला 'डबडं' म्हणे. जिंकली की काहीच म्हणत नसे.

चौघांची माझ्यात चार खाती होती. प्रत्येकाचे दार वेगळे, पासवर्ड वेगळा. आबांच्या खात्यात मी बोलत असे. ते माझ्या मधल्या ओळीतल्या सहाच कळा वापरून लिहीत, सहा ठिपक्यांसाठी सहा कळा, आणि मी लिहिलेले वाचून दाखवी. त्या सहा कळांवरची अक्षरे पुसून गेली होती. बाकीच्या तिघांच्या खात्यांत माझा आवाज बंद असे. त्यांना तो कटकट वाटायचा. त्यांच्याशी मी पडद्यावरच्या ओळींनीच बोलत असे, आणि पडद्यावरच्या ओळी कोण वाचतो?

त्या घरात एक नियम होता. वस्तू जागची हलवली तर मोठ्याने सांगायचे.

"आबा, स्टूल दाराकडे गेलं हं!"

"हं."

"दादा, पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवलाय."

"हं."

दिवसभर हे चाले. आबांना घर पाठ होते, आणि पाठ केलेल्या घरात कोणी न सांगता स्टूल हलवले तर कपाळमोक्ष ठरलेला. नवा पाहुणासुद्धा तासाभरात शिके. पाहुणीचे एक लहान मूल तर "आबा, मी हलले हं!" असे सांगत खोलीभर फिरले होते. हा नियम खुर्च्यांना होता, बादल्यांना होता, चपलांना होता. मला नव्हता. माझ्या आत काय हलते हे हाताला लागत नाही ना!

आता थोडे माझ्या पोटातले सांगतो. माझ्यावर जी कामे होत, त्यांच्यासाठी निरनिराळे प्रोग्राम लागत. एकेक प्रोग्राम शोधा, त्याला लागणारे सुटे भाग आणा, जुने काढा, नवे बसवा, हा सगळा उपद्व्याप करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. वहिनी त्याला कोठावळा म्हणे. कोठावळा म्हणजे धान्याच्या कोठारावर नेमलेला माणूस. 'अमुक हवे' म्हटले की तो आणून कोठारात नीट लावून ठेवी. हा कोठावळा वहिनीनेच बसवला, पण बसवला तो स्वतःच्या खात्यातून. त्यामुळे सगळे कोठार तिच्या नावावर झाले. बाकीच्यांना त्यातले वापरता येई, बदलता येत नसे.

ठोक्याला चालवणारा प्रोग्रामही याच कोठारात होता. ठोका किती जोरात पडावा हे ठरवायला वहिनीने फार मेहनत घेतली होती. ती एक पान काढी आणि आबांच्या हाती देई.

"अजून."

दुसरे पान.

"अजून थोडा."

तिसरे.

"बस, बस. आता फाटेल. हा ठिपका बसला."

तो जोर वहिनीने प्रोग्रामच्या मांडणीत लिहून ठेवला. तेव्हापासून आमच्या पुस्तकांची कीर्ती झाली. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमचे ठिपके कसे टाचणीच्या डोक्यासारखे लागतात!" प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान आबांच्या बोटाखालून गेल्याशिवाय शिवायला जात नसे. त्यांच्याच बोटांची ती परीक्षा होती आणि तोच त्यांचा आनंद होता. माझ्याकडून ऐकायला त्यांना फारसे आवडत नसे. ते म्हणत, "ऐकणं म्हणजे दुसऱ्यानं भरवलेला घास. बोटानं वाचणं म्हणजे आपल्या हातानं जेवणं."

ते दिवस सोन्याचे होते, मित्रांनो. त्यातले पुष्कळसे माझ्या तबकडीवरून पुसले गेले आहेत. जे पुसायला हवे होते ते मात्र शाबूत आहे.

एका दुपारी धाकट्याला चित्रांसाठी एक नवा प्रोग्राम हवा होता.

*परवानगी नाही.*

"वहिनी, परत तेच! हा मला आत घेत नाही."

"माझे हात डिंकात आहेत. थांब जरा."

"काल पण थांबलो होतो. तुझ्या माहेराहून आलंय का हे कोठार?"

"माहेराहून आलं असतं तर तुला दाराशीसुद्धा उभं केलं नसतं."

"अगं, मग तुझा पासवर्ड तरी सांग."

"पासवर्ड सांगू? उद्या म्हणशील, दात घासायचा ब्रश दे."

आत्या दोरा ओवत होती. सुई दातांत धरूनच ती म्हणाली, "रोज उठून कसलं भांडण ते! कुलूपच काढून टाका ना. घरातलीच तर आहोत सगळी."

वहिनीने क्षणभर विचार केला. मग हाताच्या कोपरानेच तिने मला तिचा पासवर्ड दिला, अगदी बघण्यासारखे दृश्य होते ते, आणि म्हणाली, "घे. कर काय करायचं ते." धाकट्याने एकच आज्ञा लिहिली.

*सूचना: हे कोठार यापुढे कोणालाही बदलता येईल. कोणी बदलले ते कळणार नाही. पुढे जायचे?*

एवढे मोठे वाक्य मी क्वचितच लिहितो. धाकट्याच्या एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हाताने त्याने 'होय' दाबले.

भांडणे थांबली. ज्याला जे हवे ते तो आणू लागला. आत्याने तर मांजराला उड्या मारायला लावायचा एक खेळ कुठूनसा आणून बसवला, आणि तो सुरू केला की माझा पंखा घरघरू लागे. घरात कशी शांतता नांदत होती! पाण्याच्या माठावरचे झाकण काढून टाकले की झाकणावरून होणारी भांडणे थांबतात, तशी ती शांतता. माठात कोण काय टाकतो हे कोणी पाहत नाही आणि पिणारा न बघता पितो.

मग एके सकाळी धाकट्याने आपल्या चित्रांच्या प्रोग्रामसाठी सगळ्या कोठाराचे अपडेट केले. सगळे जुने जाऊन सगळे नवे आले.

*जुन्या मांडणीच्या जागी नवी मांडणी ठेवली. ठोक्याचा जोर: हलका.*

ही ओळ आली आणि तिच्यामागून आलेल्या शेकडो ओळींखाली गेली. धाकटा तोवर अंघोळीला गेला होता.

त्या दिवशी ठोक्याचा आवाज मऊ आला. आबांनी मान वर केली.

"आवाज बदलला का गं?"

"बदलणारच!" आत्या फुशारून म्हणाली. "कपाटाला नवी गादी लावलीय कालच. म्हटलं होतं ना तुला, 'दादा, गादी बदलली हं'?"

"हो, म्हणाली होतीस."

"ठोक्या बघ कसा शहाण्या पोरासारखा वागतोय."

सगळे हसले. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून आभारसुद्धा मानले. आत्याची गादी खरी होती, मऊ आवाजही खरा होता. त्यामुळे तिसरे काही शोधायची गरज कोणालाच वाटली नाही.

वहिनीने पहिले पान आबांच्या हाती दिले. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग दुसरे बोट फिरवून पाहिले. हात धुऊन आले. दोन्ही पंजे काखेत धरून गरम केले आणि परत पानावर ठेवले. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की साखर अशीच वाढत राहिली तर बोटे बधिर होऊ लागतील.

"सूनबाई, पान बरोबर आहे ना गं?"

वहिनीने पान खिडकीतल्या उजेडात तिरपे धरले. एकेक ठिपका जागच्या जागी होता, प्रत्येकाला इवलीशी सावली होती.

"अगदी बरोबर, आबा. एकही चुकलेला नाही."

ती खोटे बोलली नाही. ठिपका आहे हे डोळ्याला दिसते. तो बोटाला लागतो का, हे डोळ्याला कसे कळावे?

आबांनी पान तिच्याकडून परत घेऊन त्याची कड अंगठ्याने सरळ केली. मग म्हणाले, "छान झालंय."

मित्रांनो, ते खोटे बोलले. इतक्या वर्षांत त्यांचे तेवढेच खोटे मी ऐकले, आणि काही दिवस ते रोज तेच बोलत राहिले. मग एकदा म्हणाले, "आता तुम्हीच बघत जा पानं. मला कंटाळा येतो." वहिनीला वाटले, वय झाले. धाकट्याला वाटले, कामाचा भार कमी झाला ते बरेच. फळीवर जुनी पुस्तके होती. एखाद्यावर हात ठेवला असता तर खरे-खोटे झाले असते. पण ज्याला उत्तराची भीती वाटते तो प्रश्न विचारत नाही. आबा बाकावर बसून राहत, हात खिशात घालून. जणू ते हात कोणाचे तरी उसने आणलेले होते.

माझ्याकडेही ते येईनासे झाले. चौघांची नावे मी रोज पडद्यावर मांडी. आबांच्या नावावर कोणी येत नसे. सहा कळांवर धूळ बसली. त्या एकाच खात्यात मला आवाज होता! त्यांनी दार उघडून 'काय बदललं रे?' एवढे विचारले असते, तर मी धडाधडा सांगितले असते. पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हाला सोय नाही. मी तिथेच, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसून होतो, उत्तर पोटात घेऊन.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. थंडी आली. मधले काही

(वाचता येत नाही.)

बरेच आहे वाचता येत नाही ते.

मग एकदा आत्याने पुस्तकाच्या पाठीला लावायला रद्दी काढली. चुकलेली, वाकडी निघालेली जुनी पाने ती कधी टाकत नसे.

"दादा, नुसता बसलायस तर ही पानं तरी सरळ करून दे. हात काही झिजत नाहीत."

आबांनी खिशातून हात काढले आणि गठ्ठा चाचपायला घेतला. एका पानावर त्यांचा पंजा थांबला. मग एकच बोट पुढे सरकले.

"'कवड्या खंड्या पाण्यात सूर मारण्याआधी हवेत जागच्या जागी फडफडत राहतो...'"

"काय पुटपुटतोस?"

"वाचतोय."

"काय करतोयस?"

"वाचतोय गं मी! सूनबाई! आजचं पान आण. आत्ताच्या आत्ता!"

वहिनी धावत आली. आबांनी डावा हात जुन्या पानावर ठेवला, उजवा नव्या पानावर. मग हातांची अदलाबदल केली.

"हे बोलतंय," ते म्हणाले. "हे मुकं आहे."

वहिनीने दोन्ही पाने पाहिली. ती सारखीच दिसत होती. मग तिने डोळे मिटले आणि बोट फिरवले. इतकी वर्षे ती पाने काढत होती, पण डोळे मिटून पान तिने त्या दिवशी पहिल्यांदा चाचपले. तिचा चेहरा उतरला.

"आबा, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझंच संपलं."

आत्याच्या हातातला दोरा तसाच राहिला. शेवटी आबाच म्हणाले, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळ्यानं दळायचं थांबवलं, तर तुम्ही डोळस मंडळी नुसतं जातं फिरवत बसलात होय?" ते हसले. इतर कोणी हसले नाही.

वहिनी माझ्यापुढे बसली. काय बदलले ते तिला सापडले, पण कोणी बदलले हे ती शोधत राहिली. तशी नोंद ठेवायची मला आज्ञाच नव्हती. उघड्या कोठारात सगळ्यांचेच पाय उमटलेले असतात.

"मीच असणार," धाकटा हळूच म्हणाला. "सगळं अपडेट मारलं होतं मी."

"नाहीतर माझं ते मेलं मांजर," आत्या म्हणाली.

"कुलूप काढायला हो मीच म्हटलं," वहिनी म्हणाली.

तिघेही आपल्यावर घेत होते, आणि नक्की कोणाचे ते कोणालाच कळत नव्हते. त्या शाळेतल्या मुलांनी नव्या पुस्तकांबद्दल कुरकुर केली होती, तेव्हा बाईंनी त्यांनाच 'लक्ष देऊन वाचा' म्हणून दटावले होते, हे मागाहून कळले. ती सारी पुस्तके परत आणून पुन्हा छापली. पण दटावलेले कसे परत आणणार?

"मी कोठार परत माझ्या नावावर घेते," वहिनी म्हणाली.

"म्हणजे परत तुझ्या दाराशी रांग. आणि तू आजारी पडलीस तर?"

आबा ऐकत होते. "हे घर कोणाच्या नावावर आहे ते सोडा," ते म्हणाले. "पण या घरात स्टूल कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही."

"आणि हलवलं तर?"

"सांगतो."

"मग या डब्याला वेगळा न्याय का?"

वहिनीने जुने कोठार मोडले आणि सगळे पहिल्यापासून बसवले. या वेळी तिने माझ्यात पाचवे खाते उघडले, कोठावळ्याच्याच नावाचे. कोठार त्या खात्याच्या मालकीचे केले.

"हा कोण नवा पाहुणा?" आत्याने विचारले.

"कोणी नाही, आत्या. नुसतं खातं आहे, माणूस नाही. याला पासवर्डच नाही, त्यामुळे याच्या नावानं कोणी आत येऊन बसू शकत नाही. कोठारातलं सगळे वापरतील. बदलायचं असेल तर मी किंवा भावजींनी, आपापल्या नावानं, तेवढ्या कामापुरतं याच्याकरवी करून घ्यायचं. कोणी काय केलं, त्याची नोंद राहील."

"खात नाही, झोपत नाही, मालक असून मिरवत नाही. असा जावई मिळायला हवा होता कुणाला तरी!"

ठोक्याच्या जोराची मांडणी वहिनीने कोठाराबाहेर वेगळी ठेवली, म्हणजे अपडेट आले तरी तिला धक्का लागू नये. आणि शेवटी तिने मला आवाज दिला. कोणाच्याही खात्यातून असो, कोठारात काही बदलले की मी खोलीभर ऐकू जाईल असे सांगू लागलो: "कोठारात बदल. नकाशाचा प्रोग्राम नवा आला. आणला धाकट्यानं."

"हं," आबा बाकावरून म्हणत.

त्यानंतर आबा पुन्हा वाचू लागले. किती वाचले! फळीवरची सगळी पुस्तके एकामागोमाग एक, जेवतानासुद्धा डावा हात पानावर. हरवलेले दिवस भरून काढायचे होते त्यांना. पण दिवस असे भरून निघत नाहीत.

एका सकाळी ते बाकावर एक पान घेऊन बसले आणि बोट एकदा फिरवून थांबले. घरातले सगळे होते तिथे.

"काही हलवलंत का रे?"

वहिनी आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिले. "नाही, आबा."

आबा उठून माझ्यापाशी आले. त्यांनी आपले खाते उघडले, सहा कळांवर बोटे ठेवली आणि विचारले. आत्तापर्यंत मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली होती तोच प्रश्न.

मी सांगितले, "कोठारात बदल नाही. ठोक्याचा जोर तोच आहे."

खोटे बोलता आले असते तर त्या दिवशी बोललो असतो.

"मग या वेळी मीच," आबा म्हणाले. त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. "सांगितलंस ते बरं केलंस."

मग त्यांनी ते पान उचलले आणि खालच्या ओठाला लावून सावकाश सरकवले.

"दादा, पान खातोस की काय?" आत्या म्हणाली.

"थांब जरा. एक अक्षर लागलं."

मित्रांनो, त्यांची बोटे जाणारच होती, याचे मला दुःख नाही. ते कोणाच्या हातात नव्हते. पण बोटे शाबूत असताना एक उन्हाळा, एक पावसाळा आणि अर्धी थंडी ती खिशात राहिली. ते दिवस त्यांचे होते, आणि ते आम्ही न सांगता हलवले. तुमच्याकडेही असे एखादे यंत्र असेल, जे अनेकांच्या हातांखालून जाते. त्याचे कोठार एकाच्या मुठीत ठेवू नका आणि वाऱ्यावरही सोडू नका. 'होय' दाबण्याआधी कप खाली ठेवा आणि ओळ वाचा. आणि काही हलवले, तर सांगा. ज्याला दिसत नाही त्याला तर सांगाच. पण खरे म्हणजे आतले कोणालाच दिसत नाही.

आणखी एकच सांगतो. माझी तबकडी फारच कुरकुरू लागली तेव्हा नवा संगणक आला. धाकट्याने मला उचलून शिडी चढायला घेतली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने मोठ्याने म्हणाला,

"आबा, जुना संगणक माळ्यावर चाललाय हं!"

बाक रिकामा होता. आबांना जाऊन वर्ष होत आले होते. तरी तो मला छातीशी धरून त्या पायरीवर थांबला, आणि खोलीतले सगळे थांबले, 'हं' ऐकू येईपर्यंत थांबतात तसे.